राखणीचा हिशेब

पुण्याच्या बिबवेवाडीत डुक्कर म्हटलं की नाला आठवतो. ओढ्याच्या कडेला कचऱ्यात तोंड खुपसलेली काळी डुकरं आणि मागे पिल्लांची रांग. ती कुणाची तरी पाळीव, मोकाट सोडलेली असतात. त्यांचा बंदोबस्त हा पालिकेचा विषय. आपलं काम फार तर तक्रार नोंदवण्याचं. आमच्या घरात मात्र डुकरं फोनवरून येतात. गणपती होऊन गेले, पितृपक्ष लागला, भात निसवलं, की भोर तालुक्यातल्या हिर्डस मावळातून चुलतभावाचा फोन येतो. पाऊसपाणी, कुणाचं दुखणं, कुणाचं जमलेलं लग्न हे सगळं उरकल्यावर दादा शेवटी म्हणतो, "यंदा पण लागलीत." काय लागलंय ते विचारावं लागत नाही.

गावाकडची जमीन दादाच कसतो, त्याची आणि आमच्या वाटणीचीही. नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर पायरीपायरीने उतरलेली भातखाचरं, त्यांच्या वर वरकस रानात नाचणी-वरई आणि त्याच्याही वर जंगल. डुकरांनी वरून खाली यायचं आणि माणसांनी खालून वर बघायचं, अशी तिथली रचना पिढ्यानपिढ्या आहे. शेजार जुना आहे. एवढ्यात बिघडलंय ते काय, हा मला पडलेला प्रश्न आहे.

रानडुक्कर खातं थोडं आणि नासतं फार, असं गावात म्हणतात. सकाळी बांधावर उभं राहून पाहिलं तर ते पटत नाही, कारण कडेचं भात ताठ उभं असतं. आत शिरलं की मधोमध कुणी गादी घालून झोपल्यासारखं पीक लोळलेलं दिसतं. दाणा चिकात असताना डुक्कर लोंबी तोंडात धरून ओढतं, चावून रस गिळतं आणि चोथा टाकून देतं. त्या चोथ्याचे बोळे चिखलात विखुरलेले असतात. खाचरात पाणी असलं तर तिथंच लोळण घेतं. गांडुळांच्या आणि कंदांच्या मागे लागून बांध उकरतं. बांध फुटला की वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं. वरचं कोरडं पडतं, खालच्यात माती येते. पिकाचं नुकसान त्या हंगामापुरतं असतं. बांध मात्र पुढच्या उन्हाळ्यात माणसं लावून पुन्हा घालावा लागतो.

वन्य प्राण्यांनी पीक खाल्लं तर महाराष्ट्रात शासनाकडून भरपाई मिळते. तीन दिवसांत अर्ज करायचा, मग वन, महसूल आणि कृषी या तिन्ही खात्यांच्या माणसांनी मिळून पंचनामा करायचा, अशी पद्धत आहे. पण पंचनामा म्हणजे शेवटी डोळ्यांना दिसलं तेवढं. पुण्यातले जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत काम करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. जंगलापासून जसजसं दूर जावं तसतसं नुकसान कमी होत जातं, हे अपेक्षितच होतं. पण नजरेनं ठरवलेलं नुकसान आणि प्रत्यक्ष उत्पन्नात आलेली घट यांत मोठी तफावत आहे, ही त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट. आमच्या खाचराच्या कडेला उभं राहिलेल्या कुणालाही ती पटेल. शिवाय काही नुकसान पंचनाम्याच्या आवाक्यातलंच नसतं. पूर्वी दादा माळावर भुईमूग करायचा. शेंगा धरल्या की डुकरं ओळीच्या ओळी उलथून टाकायची. मग त्यानं भुईमूग सोडला. न पेरलेल्या भुईमुगाचा पंचनामा होत नाही.

हे जनावर हरायला तयार नसतं, याची कारणं त्याच्या शरीरातच आहेत. मादीचा गाभणकाळ चार महिन्यांहून कमी, साधारण ११५ दिवसांचा. एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात आणि त्यातल्या माद्या वर्ष-दीड वर्षात स्वतः विण्याजोग्या होतात. खाण्याचे नखरे नाहीत. कंद, फळं, किडे, मेलेलं जनावर, उभं पीक, सगळं चालतं. नजर बेताची, पण नाक असं की जमिनीखालची शेंग वरून कळते. माद्या आणि पिल्लं कळपानं फिरतात, वयात आलेला नर एकटा. त्या एकुलग्याच्या वाटेला शहाणा माणूस रात्री जात नाही. वाघ, बिबट्या, रानकुत्री हे त्याचे शत्रू, पण सह्याद्रीच्या या पट्ट्यात आता बिबट्याच काय तो उरला आहे, आणि सुळे असलेल्या मोठ्या डुकराच्या नादी तोही सहसा लागत नाही.

तरीही या शरीराला तोंड देत मावळातल्या माणसांनी शतकानुशतकं भात पिकवलं. त्यांच्याकडे औषध नव्हतं, यंत्र नव्हतं, राखण होती. खाचराच्या वर चार खांबांवर माळा बांधायचा, वर पेंढा टाकायचा, खाली शेकोटी ठेवायची. हाताशी गोफण आणि पत्र्याचा डबा. दसऱ्यापासून कापणीपर्यंत घरातला एक माणूस रात्री तिथं असायचा, कधी आजोबा, कधी थोरला मुलगा. एका माळ्यावरून हाळी उठली की पलीकडच्या माळ्यावरून उत्तर यायचं. एका शेतातून हुसकलेलं डुक्कर शेजारच्या शेतात शिरू शकायचं नाही, कारण तिथंही कुणीतरी जागं होतं. राखणीची खरी ताकद या सलगपणात होती. एकट्या माळ्यानं काय होणार होतं?

तुकोबांची एक कथा सगळ्यांना ठाऊक आहे. एका शेतकऱ्यानं त्यांना ज्वारीच्या राखणीला बसवलं, तुकोबा भजनात रंगले, पाखरं दाणे टिपत राहिली. शेतकरी संतापला, पंच जमले, आणि शेवटी मळणी केली तर रास नेहमीपेक्षा मोठी निघाली. आपण ही कथा भूतदयेची म्हणून ऐकतो. तिच्यात एक व्यवहारही आहे. राखण हे मोबदला ठरवून दिलेलं काम होतं, आणि ते झालं नाही तर गाव जाब विचारत होतं. पाखरांवर दया करायला कुणाची ना नव्हती. दयेचा खर्च एकट्या शेतमालकावर पडू नये, एवढंच पंचांचं म्हणणं असावं. कथेत ती तूट देवानं भरून दिली.

त्या माळ्यांवरची माणसं गेली कुठं, याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागत नाही. भोर, वेल्हे, मुळशी या तालुक्यांतली पोरं आधी मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत गेली, मग पुण्याला आली. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्यांत मावळातली माणसं किती तरी. कुणी रिक्षा चालवतात, कुणी सोसायटीच्या दारावर रात्रपाळी करतात. अपर इंदिरानगरात आमच्या वाडीची माणसं चावडीवर भेटावीत तशी भेटतात. यातला एकजण एका गृहसंकुलाची रात्रभर राखण करतो आणि त्याचं स्वतःचं खाचर गावी पडीक आहे. त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. राखणीला शहरात महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. गावात तिच्याबद्दल फक्त पीक वाचतं, आणि तेही वाचलं तर.

पडीक खाचर ही साधी गोष्ट दिसते. तिथं आधी गवत येतं, मग घाणेरी वाढते, दोन-चार पावसाळ्यांत माणूस वाकूनही आत शिरू शकणार नाही अशी जाळी होते. डुकरांना दिवसा पडून राहायला यापेक्षा चांगली जागा नाही. पूर्वी जंगलातून शेतापर्यंत यायला त्यांना उघडं रान ओलांडावं लागे. आता ती दिवसाही शेताच्या शेजारीच मुक्कामाला असतात. जिल्ह्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला हेच काम उसानं केलं. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्याच उसात डुकरांनाही बारमाही पाणी, खाणं आणि आडोसा मिळतो.

वहिनींनी हे माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलं होतं. पडवीत धान्य निवडत बसल्या होत्या, मी डुकरांच्या संख्येबद्दल काहीतरी बोलत होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी समदं ठावं असतंय. कुठल्या घरात दिवा हाय, कुठल्या न्हाई. अंधारल्या घराच्या खालनंच येत्यात ती." दुसऱ्या दिवशी मी पाहून आलो. कळपाची वाट खरोखर दोन कुलूपबंद घरांच्या मधून उतरत होती.

राखणदार गेल्यावर त्याच्या जागी काय काय बसवलं गेलं त्याची यादी मोठी आहे. शेताभोवती जुन्या साड्या बांधतात; वाऱ्यानं हलल्या की डुक्कर बिचकतं, काही दिवस. सलूनमधून पोतंभर केस आणून बांधावर पसरतात. नाकात गेले की शिंकतं, पाऊस पडेपर्यंत. वाघाच्या डरकाळ्या वाजवणारे भोंगे आले, लुकलुकणारे दिवे आले, उग्र वासाची औषधं आली. करडईच्या काटेरी ओळी शेताच्या कडेनं पेरण्याची देशावरची जुनी रीत त्यातल्या त्यात टिकाऊ. बाकी सगळ्याची गत एकच होते. जनावर हुशार आहे; ज्या आवाजामागे माणूस येत नाही तो आवाज पोकळ आहे, हे त्याला आठवड्याभरात उमगतं.

खरा उपयोग होतो तो सौर कुंपणाचा, म्हणजे गावच्या भाषेत झटका मशीनचा. बॅटरीवर चालणारं यंत्र तारेत क्षणभराचा जोरदार झटका सोडतं, थांबतं, पुन्हा सोडतं. जनावर मरत नाही, दचकून मागे फिरतं. पण त्यालाही नियम आहेत. खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, कारण डुक्कर नाकानं वाट काढतं आणि झटका नाकालाच बसला पाहिजे. पाठीवरचे राठ केस आणि जाड कातडं काही लागू देत नाही. आर्थिंग नीट हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारेला गवत टेकता कामा नये. टेकलं की झटका गवतातून जमिनीत जातो आणि तार नुसती शोभेची राहते. आमच्याकडच्या पावसात गवत आठ दिवसांत वीतभर वाढतं. म्हणजे कुंपणाच्या खालचं गवत काढायलाही माणूस लागतोच.

याच्या पलीकडचे उपाय बोलताना आवाज खाली येतो. थेट विजेच्या खांबावरून तार ओढून शेताभोवती सोडणारे आहेत. त्या तारेला डुक्कर चिकटतं तसा पहाटे पाण्यावर निघालेला शेजारीही चिकटतो. अशा बातम्या दर हंगामात वाचायला मिळतात. कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मरतात. पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब कुत्र्याच्या किंवा गाईच्या तोंडात फुटतो. कायदेशीर वाट लांबची वाटली की माणूस या वाटेला लागतो.

ती कायदेशीर वाट अशी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, आणि त्या वेळी त्याची गरज होती. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकारी लेखी कारण नोंदवून त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. मारलेलं जनावर मात्र सरकारच्या मालकीचं. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी घोषित करू शकतं; डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही भागात आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकराबाबत तसं झालं. महाराष्ट्रानंही २०१५ मध्ये परवानगीची पद्धत सोपी केली. पण परवानगीचा कागद हातात आला तरी बंदूक कुणाकडे आहे? सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे परवाने आहेत. त्याही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते. आमच्या मावळात तेवढंही नाही.

या प्रश्नावरचा वाद गाजला तो जून २०१६ मध्ये. चंद्रपुरात रानडुकरं मारली गेली, म्हणून तेव्हा केंद्रात मंत्री असलेल्या मनेका गांधींनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर उघड टीका केली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर पुण्याचे. राज्यं मागतात आणि कायद्यात तरतूद आहे, म्हणून परवानगी देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याचेच परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याहून पुढची भूमिका वारंवार मांडली: कायदाच लोकांवर अन्याय करणारा आहे, स्वीडनसारख्या देशांत नियंत्रित शिकार होते आणि तरी तिथले प्राणी टिकून आहेत, मग आपल्या गावांवर तेवढा विश्वास का नाही? मला गाडगीळांचा रोख पटतो. गावाला निर्णयाचा अधिकार हवाच. फक्त निर्णय घ्यायला आणि तो अमलात आणायला गावात माणसं उरली पाहिजेत.

गोळीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावं. तिथलं डुक्कर मूळचं नव्हेच. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतोच्या मोहिमेनं फ्लोरिडात डुकरं नेली, पुढे सुटलेली पाळीव डुकरं आणि शिकारीसाठी आणलेली युरोपातली रानडुकरं मिसळली. आज ती ३० हून अधिक राज्यांत पसरली आहेत. टेक्सासनं २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी दिली, तरी डुकरं आहेतच. तिथल्या जाणकारांचा अनुभव असा की दोन-चार मारली तर कळप पांगतो, सावध होतो आणि नव्या जागी जातो; पकडायचा तर अख्खा कळप एकाच वेळी मोठ्या पिंजऱ्यात घ्यावा लागतो. त्यासाठी आठवडाभर रोज खाद्य टाकत, वाट बघत कुणीतरी बसावं लागतं.

आपली गोष्ट जपानशी जास्त जुळते. तिथंही रानडुक्कर मूळचं, डोंगरउतारावर भातशेती, आणि जुन्या काळी गावांनी मिळून डुकरांना अडवायला मैलोन्‌मैल दगडी भिंती घातल्या. शिशिगाकी म्हणतात त्यांना. मग तरुण शहरात गेले, गावं म्हातारी झाली, शेतं पडीक पडली, शिकारीही थकले. भिंती जागेवर राहिल्या आणि डुकरं गावात आली. जपानकडे पैसा कमी नाही, यंत्रं तर कमी नाहीतच. तरीही ही वेळ आली.

म्हणून मला वाटतं की डुकरांची संख्या हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा, रात्री गावात जागं कोण आहे, हा. आणि त्याचं उत्तर एकेकट्यानं काढता येत नाही, हे साध्या गणितानं कळतं. एक एकर चौरस शेताला कुंपण घालायचं तर सुमारे २५५ मीटर तार लागते. शंभर एकरांच्या सलग चौरसाला साधारण २,५५० मीटर, म्हणजे एकरी जेमतेम २५ मीटर. सगळ्यांनी मिळून घातलं तर खर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. आमची खाचरं चौरस नाहीत, उतारावर वेडीवाकडी आहेत, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. शिवाय एकट्यानं घातलेलं कुंपण डुकरं शेजाऱ्याच्या शेतात ढकलतं. जुन्या माळ्यांमध्ये होता तो सलगपणा फक्त सामाईक कुंपणात परत येतो.

अडचण अशी की त्या शंभर एकरांत निम्मी नावं पुण्या-मुंबईतल्यांची असतात. त्यांची संमती हवी, त्यांच्या पडीक तुकड्यातली जाळी काढायला हवी, आणि वर्षभर तारेखालचं गवत काढणाऱ्या, रात्री एक फेरी मारणाऱ्या दोन माणसांना पगार हवा. सरकारी योजनांतून कुंपणाला अनुदान मिळू शकतं. पगाराला मिळत नाही. भरपाई नुकसान झाल्यावर येते. नुकसान होऊ नये म्हणून जागणाऱ्याला द्यायला कुणाकडे खातं नाही. वन्यजीव राखायचे हे सगळ्या समाजानं ठरवलं आहे आणि ते बरोबरच आहे. मग त्या निर्णयाचा रोजचा खर्च जंगलाला लागून जमीन असलेल्या, गावात मागे राहिलेल्या मूठभर घरांनी का सोसायचा? आम्हा शहरात गेलेल्यांना तर त्यातून दुहेरी सवलत मिळते. जमीन नावावर राहते आणि राखण शेजाऱ्यावर पडते.

आमच्या वाडीचं पुण्यात मंडळ आहे. बैठक कुणाच्या तरी गच्चीवर होते, वहीत नावं असतात, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला, चैत्रातल्या जत्रेला वर्गणी चुकवल्याचं कुणाचं ऐकिवात नाही. या वर्षी त्याच वहीत राखणीचं एक पान काढावं, असं मी सुचवलं आहे: सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकानं एकरामागे ठरावीक रक्कम, सामाईक कुंपण आणि दोन राखणदारांचा हंगामभराचा पगार. काहींनी माना डोलावल्या, काहींनी विषय बदलला, एकानं विचारलं की माझं तर पडीकच आहे, मी का द्यायचं? पडीक आहे म्हणूनच द्यायचं, असं मी त्याला म्हटलं. तो लगेच हो म्हणाला नाही, पण वहीत त्याच्या नावापुढची जागा मोकळी ठेवायला त्यानं हरकत घेतली नाही. पावसाळा तोंडावर येण्याआधी तो आकडा भरून घ्यायचा आहे.